मे गुस्ता म्हणजे मला आवडतं: स्पॅनिश शिकताना मराठी सोडू नका

रविवारी सकाळी माझ्याकडे चारजण स्पॅनिश शिकायला येतात. तिसऱ्या तासाला मी एक साधं वाक्य फळ्यावर लिहायला सांगितलं: मला कॉफी आवडते. बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू उठल्या, मार्कर हातात घेतला, जरा थांबल्या आणि त्यांनी लिहिलं, ‘यो गुस्तो काफे’. त्या थांबण्यातच सगळं दिसलं होतं. आधी मराठी वाक्य, मग मनातल्या मनात त्याचं इंग्रजी, आणि मग इंग्रजीतला एकेक शब्द उचलून त्याच्या जागी स्पॅनिश शब्द. मी म्हटलं, “काकू, इंग्रजी बाजूला ठेवा. घरी काय म्हणता?” त्या म्हणाल्या, “मला कॉफी आवडते.” “मग तेच लिहा. ‘मला’ म्हणजे ‘मे’. ‘आवडते’ म्हणजे ‘गुस्ता’. कॉफी म्हणजे ‘एल काफे’.”

मे गुस्ता एल काफे. शब्दांचा क्रम तेवढा बदलला, बांधणी आपलीच राहिली.

आपल्याकडे स्पॅनिश शिकणारा बहुतेक माणूस इंग्रजीतून लिहिलेलं पुस्तक किंवा इंग्रजीतून चालणारं ॲप वापरतो. इंग्रजी माणसाला हे वाक्य उलटं वाटतं, कारण त्याच्या भाषेत ‘मी’ आवडून घेतो आणि कॉफी नुसती समोर असते. म्हणून पुस्तक पानंच्या पानं त्याची समजूत घालतं. ती समजूत वाचून मराठी माणूसही गोंधळतो, आणि मुळात त्याला तिची गरजच नव्हती. पहिल्या दोन पातळ्यांवर, म्हणजे युरोपात ज्यांना ए१ आणि ए२ म्हणतात तिथे, तीन गोष्टी रोज लागतात: मनात काय चाललंय, आत्ता काय केलं आणि काय हवंय. या तिन्हींत मराठी बरंच पुढे नेते. काही ठिकाणी ती फसवतेही, आणि ती ठिकाणं आधीच माहीत असलेली बरी.

उच्चारांबद्दल दोनच गोष्टी. स्पॅनिश ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य असतात, त्यामुळे ‘ताको’ म्हणायचं, ‘टाको’ नाही. शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ लिहितात पण उच्चारत नाहीत. मी इथे सगळे उच्चार लॅटिन अमेरिकेतल्या पद्धतीने लिहितोय. स्पेनच्या मोठ्या भागात यातले काही ‘स’ जीभ दातांत धरून ‘थ’च्या जवळ जातात.

आवडीचं वाक्य

मला आंबा आवडतो: मे गुस्ता एल मांगो. मला आंबे आवडतात: मे गुस्तान लोस मांगोस. क्रियापद आंब्याप्रमाणे बदललं, माझ्याप्रमाणे नाही. मराठीत हेच होतं आणि आपल्याला ते कधी कुणी शिकवलेलंही नसतं. उलट स्पॅनिशमध्ये काम हलकं आहे. आपल्याकडे आंबा आवडतो, कैरी आवडते आणि लोणचं आवडतं, म्हणजे एकवचनातच तीन रूपं. तिथे एकवचनाला गुस्ता आणि अनेकवचनाला गुस्तान, एवढ्यावर भागतं.

आता हे बघा. ‘मला गायला आणि नाचायला आवडतं.’ गोष्टी दोन आहेत, पण आपण ‘आवडतात’ म्हणत नाही. स्पॅनिशही तसंच करते: मे गुस्ता कांतार इ बाइलार. इथेही एकवचनच. वर्गात हा नियम सांगायच्या आधी मी मराठी वाक्य मोठ्याने म्हणायला लावतो, मग नियम सांगावाच लागत नाही.

‘मला’ची स्पॅनिश रूपं पाठ करावी लागतात, पण ती सहाच आहेत. मे म्हणजे मला आणि ते म्हणजे तुला. ले म्हणजे त्याला किंवा तिला, आणि आदराने बोलताना तुम्हालाही. नोस म्हणजे आम्हाला. आपला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला नाजूक फरक स्पॅनिशमध्ये नाही, दोन्हींना नोसच. ओस म्हणजे मित्रमंडळींना ‘तुम्हाला’, आणि हे रूप मुख्यतः स्पेनमध्ये चालतं. लेस म्हणजे त्यांना. लॅटिन अमेरिकेत समोरच्या अनेकांनाही लेसच म्हणतात.

पहिला खड्डा इथे आहे. ‘आजीला चहा आवडतो’ हे मराठीत एका ‘ला’वर भागतं. स्पॅनिशला दोन हवेत: आ ला आबुएला ले गुस्ता एल ते. शब्दशः घेतलं तर ‘आजीला तिला चहा आवडतो’. मराठी कानाला तो ‘ले’ जास्तीचा वाटतो, म्हणून हात आपोआप तो गाळतो. गाळू नका. ‘ले’ हा वाक्याचा खांब आहे. ‘आ ला आबुएला’ त्यापुढे येतं ते फक्त ‘ले’ म्हणजे नेमकी कोण हे सांगायला. बोलताना आजीचा विषय आधीच निघालेला असेल तर ‘ले गुस्ता एल ते’ एवढं पुरतं.

दुसरा खड्डा ‘एल’चा. मराठीत असं उपपद, म्हणजे इंग्रजी ‘द’सारखा नामाआधी येणारा छोटा शब्द, नाही, म्हणून ‘मे गुस्ता काफे’ सहज लिहिलं जातं. आवडीबद्दल बोलताना ज्या वस्तूची गोष्ट आहे तिच्याआधी एल, ला, लोस, लास यांपैकी काहीतरी लागतंच. मी शिकताना प्रत्येक नाम त्याच्या उपपदासकट एकच शब्द म्हणून पाठ केलं, ‘एलकाफे’, ‘लामान्साना’ (सफरचंद). आजही तसंच सांगतो.

आणि उत्तर देताना? कुणी म्हणालं ‘मला चहा आवडतो’ तर आपण ‘मलाही’ म्हणतो, ‘मीही’ म्हणत नाही. स्पॅनिशमध्ये ‘मलाही’ म्हणजे आ मी ताम्बिएन. ‘यो ताम्बिएन’ म्हणजे ‘मीही’, आणि ते इथे चुकीचं ठरतं. समोरच्याने ‘मला नाही आवडत’ म्हटलं आणि तुम्हालाही आवडत नसेल तर आ मी ताम्पोको. त्याला आवडत नाही पण तुम्हाला आवडतं, तर आ मी सी, ‘मला आवडतं’. ही छोटी उत्तरं लवकर तोंडात बसवा, कारण गप्पा यांच्यावरच चालतात.

नकारातही मराठी सोबत येते. ‘मला मुळीच आवडत नाही’ म्हणजे नो मे गुस्ता नादा. ‘नादा’चा अर्थ ‘काहीच’. वाक्यात एक ‘नाही’ आणि एक ‘काहीच’, दोन नकार एकत्र. आपण ‘काहीच नाही’ दिवसभर म्हणतो, त्यामुळे आपल्याला हे खटकत नाही. फक्त ‘नो’ सुरुवातीला येतो, आपला ‘नाही’ शेवटी.

खूपच आवडत असेल तर मे एंकान्ता. यात ‘खूप’ आधीच भरलेलं आहे, म्हणून त्यापुढे ‘मुचो’ लावत नाहीत. आणि माणसांच्या बाबतीत जपून. ‘मे गुस्तास’ म्हणजे ‘मला तू आवडतोस’ किंवा ‘आवडतेस’, आणि मराठीत त्यातून जो अर्थ निघतो तोच तिथेही निघतो. ऑफिसमधली सहकारी स्वभावाने चांगली वाटते एवढंच सांगायचं असेल तर मे काए बिएन म्हणतात. शब्दशः ‘ती मला चांगली पडते’.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. पाव, बटाटा, चावी हे शब्द तिच्याकडूनच मराठी-कोकणीत आले. आपला पगार ज्या ‘पागार’ क्रियापदातून आला, ते स्पॅनिशमध्ये आजही ‘पैसे देणे’ या अर्थाने रोज वापरलं जातं. पण आवडीच्या बाबतीत या बहिणींचं पटत नाही. पोर्तुगीजमध्ये ‘मी कॉफीची आवड धरतो’ अशा वळणाची बांधणी आहे, तिथे ‘मी’ कर्ता असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून पोर्तुगीज ऐकलेल्यांनी इथे तिचा आधार न घेता कोकणीचा घ्यावा. ‘म्हाका आवडटा’ थेट ‘मे गुस्ता’पाशी पोहोचवतं.

भावना: आहे, बाळगतो, देतो

भावना सांगायला स्पॅनिशमध्ये मुख्यतः तीन साचे आहेत, आणि कोणती भावना कोणत्या साच्यात जाते हे कळलं की अर्धं काम झालं.

पहिला साचा ‘एस्तार’चा. मराठीत ‘असणे’ एकच, स्पॅनिशमध्ये दोन: सेर आणि एस्तार. सगळी पुस्तकं सांगतात की कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. हा नियम मला आवडत नाही, कारण तो मोडतो. मृत्यू कायमचा असतो, तरी ‘तो मेलेला आहे’ हे एस्तारनेच सांगतात: एस्ता मुएर्तो. त्यापेक्षा शब्दाचं मूळ धरून ठेवा. एस्तार आला लॅटिनमधल्या ‘स्तारे’तून, म्हणजे उभं राहणं. संस्कृत ‘स्था’ धातू त्याच कुळातला. एस्तार म्हणजे स्थिती. आत्ता एखादी गोष्ट कोणत्या स्थितीत उभी आहे ते सांगायला एस्तार, ती मुळात काय आहे ते सांगायला सेर. आणि हो, ‘मुएर्तो’ आणि आपलं ‘मृत’ हेही एकाच मुळाचे.

मराठीत हा फरक क्रियापदात नाही, पण शब्दांत आहे. ‘तो आनंदी आहे’ म्हटलं की स्वभाव कळतो आणि ‘तो आनंदात आहे’ म्हटलं की स्थिती. ‘कंटाळवाणा’ आणि ‘कंटाळलेला’ यांतही तेच. स्पॅनिशमध्ये दोन्हींना शब्द एकच, ‘आबुर्रिदो’, म्हणून सगळा भार क्रियापदावर येतो. एस आबुर्रिदो (‘एस’ हे सेरचं रूप, ‘सोय’ही) म्हणजे तो कंटाळवाणा आहे. एस्ता आबुर्रिदो म्हणजे त्याला कंटाळा आलाय. पहिल्या भेटीत स्वतःबद्दल ‘सोय आबुर्रिदो’ म्हणणारे मी पाहिलेत. त्यांना म्हणायचं असतं एस्तोय आबुर्रिदो. तसंच एस लिस्तो म्हणजे हुशार आहे आणि एस्ता लिस्तो म्हणजे तयार आहे.

रूपं अशी: एस्तोय, एस्तास, एस्ता, एस्तामोस, एस्ताइस, एस्तान. त्यापुढे विशेषण. पुरुष म्हणेल एस्तोय कान्सादो, बाई म्हणेल एस्तोय कान्सादा, मी दमलो आणि मी दमले. इंग्रजी माणूस हे विसरतो. आपण विसरायचं कारण नाही, आपण ‘दमलो’ आणि ‘दमले’ यांत कधी चुकत नाही. जशी आपल्याकडे ‘चांगला’ बदलतो आणि ‘आनंदी’ बदलत नाही, तसं तिथे कोन्तेन्तो (खूश) बदलतो आणि त्रिस्ते (दुःखी) स्त्री-पुरुष दोघांना तोच राहतो. अनेकवचनात मात्र त्रिस्तेसही होतो. स्पॅनिश नामांना नपुंसकलिंग नाही, त्यामुळे नऊ बाया आणि एक पुरुष दमले असतील तरी सगळे मिळून ‘कान्सादोस’.

दुसरा साचा ‘तेनेर’चा, म्हणजे जवळ असणे. तेंगो आंब्रे, ‘माझ्याकडे भूक आहे’. इथे मराठीचं बोट सोडा, कारण मराठीत प्रत्येक जाणिवेचं क्रियापद निराळं आहे. भूक लागते, झोप येते, थंडी वाजते, भीती वाटते, आणि गरमीला तर शब्दच ‘उकडतं’. परक्याला थंडी ‘वाजते’ का हे समजावून सांगायला बसलं की आपली भाषा किती नटलेली आहे ते कळतं. स्पॅनिशमध्ये या सगळ्यांना एकच तेंगो: तेंगो सेद (तहान), तेंगो सुएन्यो (झोप), तेंगो फ्रिओ (थंडी), तेंगो कालोर (उकाडा), तेंगो मिएदो (भीती), तेंगो प्रीसा (घाई). ‘तुझं बरोबर आहे’ हेसुद्धा तिएनेस रासोन, ‘तुझ्याकडे योग्य कारण आहे’. भूक, तहान ही नामं आहेत, म्हणून ‘खूप’ म्हणताना ‘मुइ’ लावायचं नाही, ‘मुचो’ किंवा ‘मुचा’ लावायचं. तेंगो मुचा आंब्रे, मला खूप भूक लागलीये.

‘खावंसं वाटतंय’ यासाठी तेंगो गानास दे कोमेर. ‘गानास दे’च्या पुढे क्रियापदाचं मूळ रूप ठेवलं की काहीही करावंसं वाटू शकतं: गानास दे दोर्मिर (झोपावंसं), गानास दे सालिर (बाहेर पडावंसं).

या साच्यात दोन धोके आहेत. उकडत असताना ‘एस्तोय कालिएन्ते’ म्हणू नका, त्याचा अर्थ कामुक होतो. तेंगो कालोर म्हणा. आणि लाज वाटली म्हणून इंग्रजी शब्दावरून ओढून ‘एस्तोय एम्बारासादा’ म्हणू नका, त्याचा अर्थ ‘मी गरोदर आहे’.

मग लाज वाटली तर काय म्हणायचं? त्यासाठी तिसरा साचा, ‘दार’ म्हणजे देणे. मे दा बेर्ग्वेन्सा, मला लाज वाटते. मे दा मिएदो, मला भीती वाटते. मे दा रीसा, मला हसू येतं. एखादी गोष्ट मला लाज ‘देते’, हसू ‘देते’. ‘दा’ ऐकून संस्कृत आठवला असेल तर बरोबर आठवला, दोन्ही एकाच कुळातले. हा साचा आपल्या घरचा वाटतो, कारण भावना इथे माझ्याकडे येते, मी ती करत नाही. म्हणूनच क्रियापद पुन्हा वस्तूप्रमाणे चालतं. मला कुत्र्यांची भीती वाटते: मे दान मिएदो लोस पेर्रोस. कुत्रे अनेक, म्हणून ‘दान’. ‘मला काहीही चालेल’ म्हणजे मे दा इग्वाल, आणि हे वाक्य जेवायला कुठे जायचं या प्रश्नावर स्पॅनिश घरांतही रोज ऐकू येतं.

एक शब्द देश बदलला की रंग बदलतो. स्पेनमध्ये मे दा पेना म्हणजे मला वाईट वाटतं. मेक्सिको आणि कोलंबियात तेच वाक्य ‘मला संकोच वाटतो’ या अर्थाने वापरतात. कुणी पाहुणा जेवायला बसताना ‘मे दा पेना’ म्हणाला तर तो दुःखी नाही, भिडस्त आहे.

दुखण्याचंही असंच. मे दुएले ला काबेसा म्हणजे ‘मला डोकं दुखतं’. आपण ‘माझं डोकं दुखतंय’ म्हणतो, म्हणून ‘मि काबेसा’ लिहावंसं वाटतं. पण ‘मे’ आलाच आहे, मग डोकं कुणाचं हे पुन्हा सांगायची गरज नाही. पाय दुखत असतील तर मे दुएलेन लोस पिएस.

आत्ता काय केलं

‘मी आत्ताच जेवलो’ हे वाक्य सांगायचा स्पॅनिश मार्ग सोपा आहे आणि सगळ्या स्पॅनिश देशांत चालतो: आकाबो दे कोमेर. आकाबार म्हणजे संपवणे. ते वर्तमानकाळात चालवायचं (आकाबो, आकाबास, आकाबा, आकाबामोस, आकाबाइस, आकाबान), मग ‘दे’, मग क्रियापदाचं मूळ रूप. क्रियेचं मूळ रूप जसंच्या तसं राहतं, त्यामुळे एकही अनियमित रूप पाठ नसताना कुठलीही ताजी घडामोड सांगता येते. आकाबो दे येगार, मी आत्ताच पोचलो. आकाबा दे सालिर, ती आत्ताच निघाली. फोन उचलून ‘अगं, आत्ताच बाहेर पडले ती’ म्हणायला एवढं पुरतं. नकारात मात्र अर्थ सरकतो. नो आकाबो दे एन्तेन्देर म्हणजे ‘मला अजून नीटसं कळत नाहीये’. वर्गात हे वाक्य फार उपयोगी पडतं.

दुसरा मार्ग आपल्या ‘जेवलोय’चा. ‘जेवलो आहे’ म्हणजे भूतकाळी रूपाला वर्तमानातलं ‘आहे’ जोडलेलं. स्पॅनिशही तसंच जोडते, फक्त ‘आहे’ आधी येतो: ए कोमिदो. या जोड-क्रियापदाची रूपं ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन. त्यापुढे, मूळ रूपाच्या शेवटी ‘आर’ असेल तर ‘आदो’ (आब्लार, आब्लादो), ‘एर’ किंवा ‘इर’ असेल तर ‘इदो’ (कोमेर, कोमिदो). काही रूपं वाकडी आहेत आणि नेमकी तीच रोज लागतात: एचो (केलं), दिचो (म्हटलं), बिस्तो (पाहिलं), एस्क्रितो (लिहिलं), पुएस्तो (ठेवलं), आबिएर्तो (उघडलं), रोतो (मोडलं).

इथे मराठी माणूस एक चूक हमखास करतो, आणि ती इंग्रजीतून आलेल्या पुस्तकात कुठेच सापडणार नाही, कारण इंग्रजी माणूस ती करतच नाही. आपण म्हणतो: मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी आंबे खाल्ले. भूतकाळात आपलं क्रियापद कर्माकडे बघतं. ही सवय हाडात मुरलेली असते, म्हणून सफरचंद (ला मान्साना, स्त्रीलिंगी) खाल्लं की वहीत ‘ए कोमिदा ला मान्साना’ येतं. चूक. ए कोमिदो ला मान्साना. दोन सफरचंदं खाल्ली तरी ए कोमिदो दोस मान्सानास. या जोडीतला ‘कोमिदो’ कुणाकडेच बघत नाही, ना खाणाऱ्याकडे, ना खाल्लेल्याकडे. तोच शब्द एस्तारबरोबर आला की मात्र पुन्हा विशेषण होतो आणि बदलतो. ए आबिएर्तो ला पुएर्ता, मी दार उघडलंय. ला पुएर्ता एस्ता आबिएर्ता, दार उघडं आहे. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहून भिंतीवर चिकटवा.

‘झालं का?’ आणि ‘अजून नाही’ या दोन शब्दांवर तर घरं चालतात. ‘या’ म्हणजे ‘एव्हाना, झालंसुद्धा’ आणि तोदाबिआ नो म्हणजे ‘अजून नाही’. या आस कोमिदो? जेवलास का? तोदाबिआ नो. आणि काम उरकल्यावर आपण जसं ‘झालं!’ म्हणतो तसं स्पॅनिश माणूस म्हणतो ‘या एस्ता’.

स्पॅनिश २० देशांची अधिकृत भाषा आहे आणि ‘ए कोमिदो’ सगळीकडे सारखं चालत नाही. माद्रिदमध्ये आजच्या दिवसातलं, या आठवड्यातलं, यंदाचं काही सांगताना ‘ए कोमिदो’ म्हणतात, आणि काल किंवा गेल्या वर्षीचं असेल तर साधा भूतकाळ, ‘कोमी’. मेक्सिको सिटीत किंवा ब्युनोस आयर्समध्ये आज दुपारी जेवलेलंही सहसा ‘कोमी’च असतं. खुद्द स्पेनमध्ये गॅलिसिया, अस्तुरियास आणि कॅनरी बेटांवरही कल ‘कोमी’कडेच आहे. तुम्ही यातलं कोणतंही म्हटलं तरी सगळ्यांना कळतं, पण ऐकताना दोन्हींची तयारी ठेवा. आणि शंका आली तर ‘आकाबो दे’ आहेच.

थोडं पुढचं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. हातातून ग्लास पडला तर आपण ‘मी ग्लास पाडला’ म्हणत नाही, ‘माझ्या हातून पडला’ म्हणतो. स्पॅनिश माणूसही स्वतःला कर्ता करत नाही: से मे कायो एल बासो. ‘ग्लास मला पडून गेला’ असा काहीसा भाव. किल्ली विसरली तर से मे ओल्बिदारोन लास याबेस, किल्ल्याच माझ्या लक्षातून गेल्या. याबे आणि आपली चावी या बहिणी आहेत, पोर्तुगीजमार्गे.

काय हवं, काय बरं

पसंती सांगायला प्रेफेरिर. प्रेफिएरो एल ते आल काफे, मला कॉफीपेक्षा चहा बरा. आपल्या ‘पेक्षा’च्या जागी ‘आ’, आणि ‘आ’पुढे ‘एल’ आला की दोघांचं ‘आल’ होतं. क्रियापदांमध्येही चालतं: प्रेफिएरो कामिनार आ कोर्रेर, धावण्यापेक्षा चालणं बरं. कर्ता इथे ‘मी’ आहे हे ध्यानात घ्या. आवड माझ्याकडे येते, निवड मात्र मी करतो. म्हणून ‘मे प्रेफिएरो’ नाही, नुसतं प्रेफिएरो.

रूपांत एक गंमत आहे: प्रेफिएरो, प्रेफिएरेस, प्रेफिएरे, पण प्रेफेरिमोस, प्रेफेरीस, आणि पुन्हा प्रेफिएरेन. मधल्या दोघांत ‘इए’चा ‘ए’ का होतो? कारण आघात. आघात मुळावर असला की स्वर फुलतो, आघात पुढच्या प्रत्ययावर सरकला की तो साधा राहतो. मराठीत असंच काहीसं रोज होतं. तूप म्हणतो, पण तुपात. मूल, पण मुलाला. प्रत्यय लागला की मुळातला लांब स्वर आखूड होतो आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही. केरेर (हवं असणं) याच चालीचं: किएरो, किएरेस, किएरे, केरेमोस, केरेइस, किएरेन. वर आलेलं ‘दुएले’ही याच घरातलं, तिथे ‘ओ’चा ‘उए’ होतो.

‘किएरो उन काफे’ व्याकरणाने बरोबर, पण काउंटरवर जरा रोखठोक वाटतं. किसिएरा किंवा मे गुस्तारिआ म्हटलं की ‘मला हवी होती’, ‘मला आवडेल’ असा मऊपणा येतो. स्पेनच्या बारमध्ये याहून घरगुती पद्धत आहे: मे पोनेस उन काफे? ‘मला एक कॉफी देतोस का?’ कोलंबियात लोक मे रेगाला उन तिन्तो म्हणतात, शब्दशः ‘मला एक तिन्तो भेट देता का’, आणि पैसे अर्थातच द्यायचे असतात. तिथे तिन्तो म्हणजे काळी कॉफी. माद्रिदमध्ये तिन्तो मागितलं तर समोर लाल वाइन येईल.

हे सगळं एकत्र कसं वाहतं ते बघायचं असेल तर माद्रिदमधल्या दुपारी साडेतीनला दोन मैत्रिणींचं बोलणं ऐका. तिथे दुपारचं जेवण दोन-तीनच्या सुमारासच होतं.

“या आस कोमिदो?” जेवलीस का?
“सी, आकाबो दे कोमेर. इ तू?” हो, आत्ताच जेवले. तू?
“तोदाबिआ नो. तेंगो मुचा आंब्रे, पेरो एस्तोय मुइ कान्सादा.” अजून नाही. खूप भूक लागलीये, पण फार दमलेय.
“ते गुस्ता ला तोर्तिया?” तुला तोर्तिया आवडते?
“मे एंकान्ता.”

इथली तोर्तिया म्हणजे बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट. मेक्सिकोत तोच शब्द मक्याच्या पातळ पोळीला वापरतात. आणि ‘मुचा आंब्रे’ पण ‘मुइ कान्सादा’ हा फरक दिसला का? भूक हे नाम, दमलेली हे विशेषण.

पुढच्या रविवारी काकू वहीत घरून तीन ओळी लिहून आल्या. ‘आ मि मारिदो गुस्ता एल ते. यो प्रेफिएरो एल काफे. आकाबो दे तोमार दोस तासास इ नो तेंगो सुएन्यो.’ माझ्या नवऱ्याला चहा आवडतो, मला कॉफी बरी वाटते, आत्ताच दोन कप प्यायले आणि झोप येत नाहीये. मी वही परत दिली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी ती ओळ पुटपुटत वाचली, मान हलवली, आणि ‘मारिदो’ व ‘गुस्ता’ यांच्यामध्ये बारीक अक्षरांत ‘ले’ लिहिला.